छताला टेकलेले टोमॅटो : घरच्या पॉलिहाऊसमधील वाढ कशी आवरावी

प्रश्नकर्त्यांनी कळवलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. तळेगाव दाभाड्याजवळ बंगल्याच्या मागच्या अंगणात त्यांनी १० फूट बाय १६ फुटांचे छोटे पॉलिहाऊस उभारले आहे; त्याची मधली उंची ८ फूट आणि कडेची ६ फूट आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी त्यात उंच वाढणाऱ्या वाणाची टोमॅटोची २४ रोपे लावली. मधल्या काळात तीन आठवडे घरात आजारपण असल्यामुळे बगलफुटी, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारे फुटवे, काढायच्या राहून गेल्या. आता नोव्हेंबर संपत आला असताना शेंडे प्लॅस्टिकला टेकले आहेत, मधल्या वाटेने चालता येत नाही, खालची पाने पिवळी पडून त्यांवर डाग दिसू लागले आहेत आणि वरच्या घोसांतली फुले गळत आहेत; ही फूलगळ किडीमुळे होत असावी, असे त्यांना वाटते. खत म्हणून ठिबकमधून दर तिसऱ्या दिवशी १९:१९:१९ (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के) दिले जात आहे. सगळे अर्ध्यावर छाटून टाकावे की उपटून नव्याने लावावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

यांपैकी काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्वद दिवसांची ही झाडे आता खरे उत्पन्न देण्याच्या वयाला आली आहेत आणि हवामानाचे पुढचे अडीच महिने त्यांना अनुकूल आहेत. मात्र ही वाढ एका दिवसात आवरता येणार नाही. तीन आठवडे धरून चालावे. हे मी अनुभवाने सांगतो. पॉलिहाऊसच्या कामात मी नवीन असताना माझ्या स्वतःच्या दोन ओळी अशाच माजल्या होत्या, आणि एका रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत मी त्या विंचरल्यासारख्या मोकळ्या करून टाकल्या. संध्याकाळी ओळ पाहून फार समाधान वाटले होते. चौथ्या दिवशी उघड्या पडलेल्या हिरव्या फळांच्या उन्हाकडच्या बाजूला पांढरट, कागदासारखे पातळ चट्टे उमटले, वरची पाने गुंडाळली गेली आणि झाडांनी पुढचे दोन घोस जवळजवळ गाळून टाकले. सावलीत वाढलेल्या फळाची साल उन्हाला तयार नसते, आणि ज्या मुळ्या एवढ्या पानांच्या जोरावर पाणी ओढत होत्या त्यांचाही हिशोब एकाएकी बिघडतो. म्हणून एका वेळी एका झाडाचा पाचव्या हिश्शाहून अधिक पाला काढायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळत आलो आहे.

कात्री हाती घेण्यापूर्वी वाण खरोखर उंच वाढणाराच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. रोपवाटिकेतून आलेल्या रोपांत सरमिसळ होते. ज्या वाणाची वाढ अखंड चालू राहते त्यात साधारणपणे तीन पानांनंतर एक घोस, पुन्हा तीन पाने आणि पुन्हा घोस असा क्रम दिसतो आणि शेंडा नेहमी पानांचा असतो. बुटक्या वाणात हे अंतर एक-दोन पानांचे असते आणि खोडाचा शेवट फुलांच्या घोसातच होतो. अशा झाडाच्या बगलफुटी काढल्या तर त्याचे उत्पन्नच निघून जाते, कारण त्याची पुढची फळे त्या फुटव्यांवरच येणार असतात. तशी झाडे आढळली तर त्यांची फक्त जमिनीलगतची पाने काढून बाकी झाड तसेच ठेवावे.

दुसरी पाहणी खोडाची. शेंड्यापासून १५ सेंटिमीटर खाली खोडाची जाडी मोजावी. ती १० ते १२ मिलिमीटर असेल तर झाड पाने आणि फळे यांच्यात समतोल राखून आहे. त्याहून जाड असेल, खोड चपटे किंवा मधे खाच पडल्यासारखे दिसत असेल, शेंड्याकडची पाने गडद हिरवी आणि आतल्या बाजूस वळलेली असतील, तर झाडाचा सगळा जोर पाल्याकडे गेला आहे असे समजावे. उमललेला घोस शेंड्यापासून किती खाली आहे हेही बघावे. तो १० ते १५ सेंटिमीटरवर असणे चांगले. आपल्या वर्णनावरून आपली झाडे निश्चित माजलेली आहेत, आणि माजलेल्या झाडाला नुसती कात्री लावली तर ते छाटलेल्या जागी दुप्पट जोमाने फुटते. म्हणून छाटणीच्या बरोबरीने हवा, खत आणि पाणी या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतील, आणि त्यांतही हवेपासून सुरुवात करावी.

आज आपल्या पॉलिहाऊसमध्ये पाला इतका दाटला आहे की रात्रीची वाफ बाहेर पडायला वाट नाही. सकाळी आत गेल्यावर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूने थेंब ओघळताना दिसत असतील. ते थेंब शेंड्यांवर पडतात आणि भिजलेल्या पानावर करप्याला रुजायला काही तासच पुरतात. बाजूचे पडदे सकाळी ऊन अंगणात आल्याबरोबर, म्हणजे आठच्या सुमारास उघडावेत. आत उकडू लागेपर्यंत थांबू नये. शेंड्यांच्या उंचीला, सावली राहील अशा बेताने, एक साधा तापमापक टांगावा. नोव्हेंबरमध्येही बंद पॉलिहाऊसमध्ये दुपारी पारा ३५ अंशांच्या पुढे सहज जातो, आणि त्या उष्णतेत पराग निकामी होतो. संध्याकाळी पडदे लावण्यापूर्वी वरचा झरोका अर्धा तास उघडा ठेवून दमट हवा जाऊ द्यावी. बाजूंना बारीक कीटकरोधक जाळी असेल तर ती धूळ बसून बुजते आणि हवा अडवते, म्हणून ती पाण्याच्या फवाऱ्याने एकदा धुऊन घ्यावी. हे काम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आता फांद्यांचा हिशोब करू. आपली जागा सुमारे १५ चौरस मीटर आहे. पॉलिहाऊसमधील उंच टोमॅटोसाठी दर चौरस मीटरला अडीच ते तीन खोडे पुरे होतात, म्हणजे आपल्याला एकूण ३७ ते ४५ खोडे ठेवता येतील. झाडे २४ आहेत. तीन आठवडे बगलफुटी न काढलेल्या प्रत्येक झाडाला आज चार-पाच खोडे झाली असतील, असे धरले तर आत सुमारे शंभर खोडे उभी आहेत. गर्दीचे मूळ इथे आहे. वाटेकडच्या आणि जोमदार झाडांना दोन खोडे ठेवावीत, कोपऱ्यातल्या आणि अशक्त झाडांना एकच. दुसरे खोड निवडताना पहिल्या घोसाच्या लगेच खालची फूट निवडावी. ती सर्वांत जोरकस असते आणि मुख्य खोडाच्या बरोबरीने चालते. निवडलेल्या खोडांना रंगीत चिंधी किंवा लोकरीचा धागा सैल बांधून ठेवावा. दाट पाल्यात हात घातल्यावर मुख्य खोड कोणते हे भल्याभल्यांना ओळखू येत नाही आणि चुकीचा शेंडा खुडला जातो.

बगलफूट पानाच्या आणि खोडाच्या बेचक्यातून निघते; घोस मात्र बेचक्यातून न निघता दोन पानांच्या मधल्या खोडावर येतो. एवढा फरक डोळ्यांत बसला की चूक होत नाही. बोटभर लांबीपर्यंतची फूट अंगठा आणि तर्जनी यांत बुडाशी धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकवावी. सकाळी झाड पाण्याने भरलेले असताना ती कट्‌ असा आवाज करून स्वच्छ तुटते आणि जखम दुपारपर्यंत वाळते. दहा-बारा झाडे झाली की बोटांवर हिरवा-काळा चिकट थर बसतो आणि साबण लावला की तो पिवळाधमक होऊन वाहतो. तो पानांवरच्या बारीक केसांतला रस असतो, त्याने काही अपाय होत नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक फुटी हात-दीड हात लांब झाल्या आहेत, काहींना घोसही लागले असतील. अशा फुटी बुडातून काढल्या तर मोठी जखम होते. त्यांचा आधी फक्त शेंडा खुडावा आणि बुडाकडची दोन पाने ठेवावीत. ती पाने काही दिवस शेजारच्या फळांना सावली देतात. आठ-दहा दिवसांनी उरलेला भाग धारदार कात्रीने खोडालगत कापावा. ज्या फुटीवर फळे धरली आहेत तिच्या शेवटच्या घोसापुढे दोन पाने ठेवून शेंडा मारावा आणि फळे तोडून झाल्यावर फूट काढावी.

पाने काढण्याचा क्रम खालून वर असावा. जमिनीला टेकणारी, पिवळी आणि डाग पडलेली पाने पहिल्याच दिवशी जावीत, त्यांचा झाडाला आता काहीच उपयोग नाही. त्यानंतर दर झाडाची आठवड्याला तीन पाने काढावीत आणि सर्वांत खालच्या पिकू लागलेल्या घोसापर्यंत येऊन थांबावे. खोडावर शेवटी १५ ते १८ चांगली उघडलेली पाने राहिली पाहिजेत. फळातली गोडी तीच पाने तयार करतात. देठ वर उचलून मग खाली दाबला की पान खोडालगत तुटते. अर्धा देठ खोडावर ठेवू नये. तो कुजतो, त्यावर राखाडी बुरशी धरते आणि तिथून ती खोडात उतरते. थंडीच्या दिवसांत बंद हवेत असे ठिपके मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यांच्या मध्यभागी एक विसरलेला देठाचा तुकडा सापडला आहे.

छाटणीच्या दिवशी हातांची स्वच्छता फार जपावी. टोमॅटोचा मोझॅक विषाणू रसातून, बोटांवरून आणि कात्रीच्या पात्यावरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि तंबाखूवरूनही त्याच कुळातला विषाणू येऊ शकतो. म्हणून मदतीला येणारी व्यक्ती तंबाखू मळत असेल तर तिने आत येण्यापूर्वी साबणाने हात धुतलेच पाहिजेत. हा संकोचाचा विषय नाही. साय काढलेल्या दुधात हात आणि कात्री बुडवून काम करण्याची पद्धत पुष्कळ हरितगृहांत आहे आणि ती उपयोगी आहे, कारण दुधातली प्रथिने या विषाणूला निष्प्रभ करतात. संशयित झाडे सर्वांत शेवटी हाताळावीत.

शेंडे छताला टेकले आहेत, त्यावर शेंडा तोडणे हा उपाय आपल्याला सुचला असेल, परंतु अजून ती वेळ आलेली नाही. झाड खाली उतरवावे. यासाठी खालची पाने आधी काढलेली असली पाहिजेत, म्हणून हे काम दुसऱ्या आठवड्यात येते. ज्या सुतळीवर झाड चढवले आहे तिची वरची गाठ सोडून तिला हातभर नवी सुतळी जोडावी. पुढे पुन्हा उतरवावे लागणारच असल्याने दोन-तीन मीटर जादा सुतळी वर आकड्याला (तारेवर अडकवलेल्या हुकाला) गुंडाळून ठेवणे चांगले. मग एक हात खोडाखाली आणि एक सुतळीवर ठेवून झाड एका वेळी २० ते ३० सेंटिमीटर खाली घ्यावे आणि वरचा आकडा तारेवर तेवढाच पुढे सरकवावा. ओळीतली सगळी झाडे एकाच दिशेला कलती ठेवावीत. बगलफुटी सकाळी काढाव्यात असे मी वर म्हटले. झाडे उतरवण्याचे काम मात्र दुपारी तीननंतर करावे, कारण सकाळचे ताठ खोड वाकवताना काकडीसारखे मोडते आणि दुपारी तेच लवचिक असते. खोड जमिनीवर लोळू न देता विटांवर किंवा वाकवलेल्या जाड तारेवर टेकवावे. एखादे खोड चिरलेच तर घाबरू नये. दोन्ही भाग जुळवून चिकटपट्टीने घट्ट गुंडाळावे आणि शेजारी काठीचा आधार द्यावा. साल एका बाजूने जरी जुळलेली राहिली असली तरी ते बहुधा जगते.

इथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. फळांनी भरलेले एक झाड तीन ते चार किलो वजनाचे होते, म्हणजे बारा झाडांची एक ओळ जवळजवळ चाळीस-पंचेचाळीस किलो भार ओढते. घरगुती पॉलिहाऊसची कमान प्लॅस्टिक पेलण्यासाठी केलेली असते, पीक पेलण्यासाठी नाही. सुतळ्या थेट कमानीला बांधल्या असतील तर ओळीच्या दोन्ही टोकांना बांबूची किंवा पाइपची कैची (वरच्या टोकाशी फुलीसारखे बांधलेले दोन खांब) रोवून त्यावर स्वतंत्र तार ओढावी, आणि हे काम झाडे उतरवण्याच्या आधी व्हावे. वादळी वाऱ्यात कमान वाकली तर पीक आणि सांगाडा दोन्ही एकदम जातात.

खताकडे वळू. १९:१९:१९ हे खत रोप वाढीला लागण्याच्या काळासाठी ठीक आहे. फळे धरल्यानंतर दर तिसऱ्या दिवशी तेच देत राहिल्याने आपण पाल्यालाच पोसले आहे. ते आजपासून बंद करावे. त्यात शेणखताचा ताजा थर दिला असेल तर पहिले आठ दिवस कोणतेच खत देऊ नये. त्यानंतर आठवड्यातून दोनदा १३:०:४५ आणि एकदा ०:०:५०, दोन्ही एक लिटर पाण्याला एक ग्रॅम या प्रमाणात द्यावीत. फळांच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडत असेल तर कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी द्यावे. ते ०:०:५० किंवा ०:५२:३४ यांच्याबरोबर एका टाकीत कधीही मिसळू नये, कारण पांढरा साका बसून ठिबकची छिद्रे बुजतात आणि खतही वाया जाते. तो काळा डाग पुष्कळदा मातीत चुना कमी असल्याने येत नाही, पाण्याच्या लहरीपणाने येतो. एक दिवस कोरडे आणि एक दिवस चिंब असे झाले की कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही, आणि फळे तडकतातही. या थंडीत मोठ्या झाडाला दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी पुरते. ते सकाळी आणि दुपारी विभागून द्यावे आणि शेवटचे पाणी सूर्यास्तापूर्वी तीन तास आधी संपवावे. पाला कमी झाला की पाणीही त्या प्रमाणात कमी करायचे असते, ही गोष्ट विसरली जाते आणि मुळे गुदमरतात.

फूलगळीचे कारण आपण कीड समजत आहात. किडीची शक्यता आहे, परंतु पहिले कारण बंद हवा हेच असावे. टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी भाग एकत्र असतात, पण पराग पडण्यासाठी फूल हलावे लागते. शेतात ते वारा आणि मधमाशा करतात. पॉलिहाऊसमध्ये ते आपल्याला करावे लागते. सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान, हवा कोरडी झाल्यावर, वरच्या तारेवर काठीने हलके ठोके द्यावेत, किंवा घोसाच्या देठाला विजेवर चालणारा दातांचा ब्रश क्षणभर टेकवावा. पाकळ्या मागे वळलेले, गडद पिवळे फूल तयार असते. त्याला ब्रश टेकवल्यावर उन्हाच्या तिरिपेत पिवळ्या धुळीचा बारीक ढग उडताना दिसतो. तो दिसला की काम झाले. ढग उडाला नाही तर हवा अजून दमट आहे किंवा आदल्या रात्रीच्या थंडीने पराग तयारच झालेला नाही. डिसेंबर-जानेवारीत मावळात पारा १३ अंशांखाली जातोच, म्हणून त्या महिन्यांत पडदे संध्याकाळी थोडे लवकर लावून दिवसाची ऊब आत धरून ठेवावी.

पाला पातळ झाल्यावर किडी स्पष्ट दिसू लागतील. पानांच्या मागे पांढरी माशी, आणि पानांत पारदर्शक, मोठे, वेडेवाकडे चट्टे पाडणारी नागअळी, टूटा, यांकडे विशेष लक्ष द्यावे. टूटा भारतात २०१४ मध्ये प्रथम आढळली ती पुणे परिसरातच, आणि आता ती आपल्याकडे वस्तीलाच आहे. पिवळे चिकट सापळे शेंड्यांच्या उंचीला लावावेत आणि झाडे उतरवली की तेही खाली घ्यावेत. काढलेला पाला वाटेवर किंवा दाराबाहेर ढीग करून ठेवू नये. त्यातल्या अळ्या कोषात जाऊन परत आत येतात. त्याच दिवशी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, तोंड बांधून, पंधरा दिवस उन्हात ठेवावा आणि मग कंपोस्टात टाकावा. पाने वर वळून लहान आणि पिवळसर राहिलेली, शेंडा आखडलेला असे एखादे झाड दिसले तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू समजून ते झाड पिशवीत घालूनच उपटावे. छाटणीनंतर खालची जुनी पाने नुसती गुंडाळली आणि शेंडा निरोगी वाढत राहिला, तर ती झाडाची तात्पुरती प्रतिक्रिया असते, त्यासाठी काही फवारू नये.

उपटलेल्या झाडाची जागा रिकामी ठेवण्याचे कारण नाही. काढलेल्या निरोगी बगलफुटींपैकी वीतभर लांबीच्या चार-पाच निवडून, खालची पाने काढून, ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत खोचाव्यात. दहा-बारा दिवसांत त्यांना मुळे येतात आणि बियांपासूनच्या रोपापेक्षा त्या महिनाभर लवकर फुलावर येतात.

शेंडा तोडण्याची वेळ फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येईल. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत ४५ ते ६० दिवस लागतात, आणि मार्चनंतर आपल्याकडे प्लॅस्टिकखाली इतके तापते की नवी फुले धरत नाहीत आणि धरलेली फळेही लाल न होता पिवळट-नारिंगी राहतात. त्या वेळी शेवटच्या चांगल्या घोसापुढे दोन पाने ठेवून प्रत्येक शेंडा खुडावा आणि छतावर शेडनेट ओढावे. शेंडा खुडल्यावर बगलफुटी पुन्हा जोराने येतील, म्हणून पुढचे तीन आठवडे दर चौथ्या दिवशी एक फेरी मारावी. २४ झाडांच्या फेरीला वीस मिनिटे पुरतात.